डाव्या चाकामागचा लाल रंग

आमच्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांमागे ब्रेकचे दोन कॅलिपर आहेत. दोन्ही लाल आहेत, पण उजव्याचा रंग बाबांनी दिलेला आहे आणि डाव्याचा मी. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळतो, कारण डावाही आधी बाबांनीच रंगवला होता. तो मी नासवला, आणि नासवून वर त्यांनाच बोलले.

कॅलिपर म्हणजे काय हे पूर्वी मलाही माहीत नव्हतं. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की जो जाडजूड पंजा तिला दोन्ही बाजूंनी धरतो, तो कॅलिपर. साध्या चाकांच्या टोप्यांआड तो दिसत नाही. मी मात्र हौसेनं मोठ्या फटींची अलॉय चाकं बसवून घेतली आणि आतला गंज आमच्या सगळ्या सुभानपुरा वस्तीला दिसायला लागला. बाबांना तो पहिल्याच संध्याकाळी दिसला. नवी पैठणी नेसून तुटक्या चपला घातल्यासारखं झालंय हे, असं म्हणून ते चहा न पिताच माळ्यावरचे ब्रश काढायला गेले.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये रंगारी होते. सगळी नोकरी त्यांनी डबे रंगवण्यात काढली. रंग काय, कोणीही लावतं, असं ते म्हणत. खरी अक्कल लागते ती रंगावर वार्निश कधी मारायचं हे ठरवायला. खालचा रंग वरून वाळलेला दिसतो, पण आतून कच्चा असतो. त्यावर तिखट थिनरचं काही मारलं की ते खाली मुरतं, खालचा रंग फुगतो, जागा सोडतो आणि वर येतो. 'रंग उचलला' म्हणायचे ते, आणि असं म्हणताना घरात काही अशुभ घडल्यासारखा चेहरा करायचे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे यामागचं कारण मला त्यांच्यापेक्षा नीट सांगता येतं. पण वेळ कधी झाली हे मला कधीच सांगता आलं नाही. ते त्यांना येत होतं.

बाकीचे लोक बोट लावून बघत. बाबांचा बोटावर भरवसा नव्हता. बोटाला फक्त वरचं कळतं, आतलं नाकालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्याची त्यांची एक रीत होती. सकाळी चहाच्या आधी जायचं. रंगाजवळ तोंड नेऊन 'हा' करून गरम श्वास सोडायचा, डोळे मिटायचे आणि मग हुंगायचं. गरम वाफेबरोबर आत अडकलेला थिनर बाहेर येतो. वास आला तर थांबायचं, गेला तर मारायचं. वर्कशॉपमधले साहेबसुद्धा डबा पुढे सोडण्याआधी त्यांना बोलवायचे. "भाऊ, जरा सूंघी जुओ ने," जरा हुंगून बघा ना, असं एका साहेबांच्या आवाजात ते आम्हाला करून दाखवायचे, आणि ते करताना छाती जरा पुढे यायची. पुरस्कार वगैरे त्यांना कधी मिळाला नाही. हे एवढंच त्यांचं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला पणजोबांची तलवार पूजेत ठेवतात. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, पुढे घरात कोणी शिपाई झालं नाही, तलवार तेवढी राहिली. आजोबांच्या पाठीमागे बाबांनी तिच्या शेजारी आपले ब्रश ठेवायला सुरुवात केली. आईला ते आधी पटलं नव्हतं, नंतर तीच ब्रशांना हळदकुंकू लावायला लागली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडीची पूजा. म्हणून नवरात्र बसलं की बाबा कॅलिपरना हात घालायचे. लाल एनॅमल रंग, हातानं, ब्रशनं. मग मी जवळच्या पादरा गावापर्यंत गाडी नेऊन परत आणायची, वाटेत उगाचच ब्रेक दाबत. ब्रेक तापले की रंग भाजून पक्का होतो. पादऱ्याहून येताना वांगी आणायची, म्हणजे आईलाही त्या चकरेचं काही वाटत नसे.

अडचण एकच होती. ब्रेकची काळी पूड त्या लाल रंगावर बसायची आणि धुऊन निघायची नाही. दिवाळीपर्यंत लालाचा कथ्थई व्हायचा. मग एका वर्षी मीच सुचवलं की वरून क्लिअर कोट मारू, स्प्रेचा डबा मिळतो. बाबा म्हणाले, म्हणजे वार्निशच की. खुश झाले. त्यांच्या हातात परत वार्निश आलं होतं.

त्या वर्षी मला घाई होती. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, सुट्टीचे दोनच दिवस हातात होते. शुक्रवारी बाबांनी दोन्ही कॅलिपर रंगवले. शनिवारी ते म्हणाले, पादऱ्याला जाऊन ये. मी म्हटलं, वेळ नाही. क्लिअरच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एनॅमलवर मारायचं असेल तर एका तासाच्या आत मारा, नाहीतर निदान आठवडाभर थांबा. आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर मारून पाहा, असंही होतं. मी ते वाचलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलीनं प्रयोगवहीत असं काही गाळलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती.

रविवारी सकाळी आम्ही डावं चाक काढलं. तबकडी जुन्या वर्तमानपत्रानं झाकली, रबराच्या भागांना चिकटपट्टी लावली. बाबा पाटावर बसले, वाकले, 'हा' केलं, डोळे मिटले, हुंगलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला त्यांनी. मग म्हणाले, "गेला. मार."

माझ्या नाकाला थिनर येत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अंगणात उभ्या उभ्या मला वास येत होता आणि मी तो जवळच ठेवलेल्या रंगाच्या डब्याचा असेल असं समजून घेतलं, कारण मला तसं समजून घेणं सोयीचं होतं. मी क्लिअर मारला. तोही पातळ पातळ न मारता एकदाच सढळ हातानं.

दोन मिनिटं छान चमकला. मग मधोमध एक बारीक रेघ उठली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळा लाल रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन वर आला. त्यांनी ब्रशनं इतक्या निगुतीनं दिलेला रंग. एक केस अडकू दिला नव्हता त्यांनी त्यात.

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तापलं म्हणून जे बोलले ते काही तापामुळे सुचलं नव्हतं. ते आधीपासूनच मनात कुठेतरी तयार असणार. मी हातातला डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या नाकाला आता काही कळत नाही, बाबा. उगाच का सांगत बसता?"

शेजारचे गुजराती काका कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होते. त्यांना मराठी पुरतं समजतं. त्यांनी पाइप दुसरीकडे वळवला आणि पाठ केली.

बाबांनी बोट पुढे करून त्या सुरकुतीला लावलं. रंग बोटाबरोबर ओघळला. त्यांनी बोट वर्तमानपत्राला पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले. जेवताना पेपर किती राहिले एवढंच विचारलं. उजव्या कॅलिपरला मी क्लिअर मारलाच नाही. डाव्याचा रंग तारेच्या ब्रशनं खरवडून काढला, करडा प्रायमर फासला आणि तसाच सोडला. त्या खंडेनवमीला तलवारीशेजारी ब्रश नव्हते. आईनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, सापडत नाहीयेत. ते माळ्यावर होते, जिथे नेहमी असतात तिथेच.

नंतर मागे वळून पाहिलं तर खुणा कितीतरी होत्या. आमटीत हिंग नाही म्हणून ते आईशी कुरबुर करायचे आणि ती चिडून हिंग वाढवत गेली होती, इतका की मी एकदा आमटी बाजूला सारली होती. उंधियूला पूर्वीचा वास राहिला नाही, भाज्या बिघडल्या सगळ्या, म्हणायचे. आम्ही त्याला म्हातारपणाचा चोखंदळपणा म्हणून हसायचो. मग वर्षभरातच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चालताना पाय घासायला लागले. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी हात वर-खाली करायला लावले, चालायला लावलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, सुगंध-वास बराबर आवे छे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ना साहेब," ते म्हणाले. "त्रण-चार वरस थया."

डॉक्टर समजावून सांगायला लागले. कंपवातात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जाऊ शकतं, बऱ्याच जणांना ते कळतही नाही. मी मान हलवत होते. माझ्या डोक्यात फक्त तीन-चार वर्षं हा आकडा होता. म्हणजे त्या रविवारी पाटावर बसून ते वाकले, डोळे मिटले, तेव्हा त्यांना पक्कं माहीत होतं की काही येणार नाही.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली आणि फिरवली नाही. बाबाच बोलले.

"तू म्हणालीस ते बरोबरच होतं."

मी विचारलं, मग 'गेला' असं का म्हणालात. पार्किंगमधल्या माणसानं दोनदा काचेवर टकटक केलं.

"तुला उतावळ होती," ते म्हणाले. "आणि मला येत नाही म्हणालो असतो, तर परत कधी विचारलं नसतंस."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला, त्यांचाच, की हे तुम्ही मला आता का सांगता. गाडी चालवताना रस्ता दिसेना तेव्हा कळलं की रडतेय. घरी आल्यावर मी माफी मागितली का? नाही मागितली. आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागत नाही, दुसऱ्या दिवशी आवडीचं काही करून घालतात. मी शिरा केला. त्यांनी छान झालाय म्हणून खाल्ला. वेलदोडा घालायला मी विसरले होते.

पुढची तीन वर्षं गाडी तशीच हिंडली, उजवीकडे लाल आणि डावीकडे करडी. बाबा माझ्या शेजारी बसायचे, म्हणजे डाव्या दारानं. दर वेळी त्या करड्या चाकापाशी त्यांना उभं करून मी दार उघडायचे, आणि ते एकदा खाली बघून मग आत बसायचे. मला सुट्टीच्या दिवशी सहज तो रंगवता आला असता. मला त्या चाकापाशी बसवत नव्हतं. मग त्यांचं गाडीत बसणंही बंद झालं.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. उत्तरायण जवळ आलं होतं, रस्त्याच्या कडेला पतंगाची दोरी गुलाबी रंगात बुडवणारे येऊन बसले होते. एक दिवस खिडकीतून ते बराच वेळ बघत बसले आणि मग त्यांनी विचारलं, डावा अजून तसाच आहे का. मी हो म्हटलं. तसाच ठेवणार का, त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता, त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागे.

दुसऱ्या दिवशीच मी चाक काढलं. या वेळी सगळं त्यांच्या सांगण्यानं. प्रायमर आणि गंज घासून काढला, ब्रेक क्लीनरनं तेलाचा अंश राहू दिला नाही. रंग आणि क्लिअर एकाच कंपनीचं आणलं, कारण बाबा म्हणाले, ओळखीच्या घरात सोयरीक केली की कटकटी कमी. आणि एक गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितली, जी वर्कशॉपमध्ये ते नेहमी करायचे. पत्र्याचा एक तुकडा घ्यायचा आणि मूळ कामाबरोबर त्यालाही तेच हात द्यायचे, त्याच दिवशी, तितकेच. तो नमुना. आधी त्याला विचारायचं, मग कामाला. मी तुपाच्या डब्याचं झाकण घेतलं. कॅलिपरला दोन पातळ हात दिले, झाकणाला दोन दिले. माझा हात त्यांच्यासारखा नाही. झाकणावर ब्रशचे ओरखडे दिसत होते. त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे शाबासकीच.

तात्पुरतं चाक चढवून मी पादऱ्याची चक्करही मारून आले आणि चाक परत काढून ठेवलं. वांगी आणली. झाकण दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवायचं आणि सकाळी खाली आणायचं असं ठरलं. रोज सकाळी, चहाच्या आधी, मी ते त्यांच्या पलंगाशी नेत असे. पहिल्या दिवशी नुसतंच हुंगलं तर त्यांनी बोटानं नाही नाही केलं. 'हा' करायचा राहिला होता. मी 'हा' केलं, डोळे मिटले, हुंगलं.

"वास?" त्यांनी विचारलं.

येतोय, मी म्हटलं. खूप येतोय.

"मग थांब."

त्यांचं नाक मी झाले होते, आणि ते रोज मला विचारत होते. दिवसातून एवढंच ते आपणहून बोलत. चौथ्या दिवशी वास कमी झाला. सहाव्या दिवशी डोळे मिटून शोधावा लागला. दरम्यान डॉक्टर घरी येऊन गेले, छातीत कफ भरलाय म्हणाले, आणि बाहेर अंगणात मला एकटीला सांगितलं की आता हॉस्पिटलात हलवून त्रास देण्यात अर्थ नाही, थोडेच दिवस आहेत. ते बोलत होते तेव्हा मी त्यांच्या मागे, जॅकवर उचललेल्या गाडीकडे बघत होते.

नवव्या दिवशी सकाळी वास आला नाही. मी परत 'हा' केलं. काही नाही, नुसतं पत्र्याचं झाकण. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वास?"

मला वाटलं, मी 'गेला' म्हटलं तर काम संपलं असं ते समजतील. उद्या सकाळी मला विचारायला त्यांच्याकडे काही उरणार नाही. मी म्हटलं, येतोय अजून.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवला, माझ्या हातातून झाकण घेतलं, नाकाशी नेलं. जन्मभर त्यांच्या कपड्यांना येणारा थिनर तिनं धुतला होता, तिला फसवणं शक्य नव्हतं. ती माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, येतोय हो, बराच येतोय. आणि झाकण मला देऊन स्वयंपाकघरात गेली.

असे चार दिवस गेले. रोज मी हुंगायची, रोज येतोय म्हणायची, रोज ते 'मग थांब' म्हणायचे. कधी कधी शब्द फुटत नसत, नुसता हात जरासा वर व्हायचा.

पाचव्या दिवशी त्यांनी झाकण मागितलं. मी त्यांच्या छातीवर ठेवलं. डाव्या हातानं त्यांनी ते धरलं, उजव्याचा अंगठा कसाबसा जागेवर आणला आणि नख रंगावर टेकवलं. हात थरथरत होता, पण नख त्यांनी चांगलं दाबलं. मग अंगठा काढला आणि बघितलं. मीही बघितलं. रंगावर साधी खूणसुद्धा उमटली नव्हती. अस्सल पक्का झाला होता, कधीचाच. कामावर नख दाबता येत नाही, नमुन्यावर येतं, आणि ते रुतलं नाही की रंगाऱ्याला नाकाची गरज उरत नाही.

मी खाली बघत उभी राहिले. माझ्या वर्गात खोटं सापडलेली मुलगी राहते तशी.

"अजून येतोय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो, बाबा."

त्यांनी झाकण माझ्याकडे सरकवलं. पुढचं ऐकायला मला खाली वाकावं लागलं.

"तुझ्या नाकाला कळतं," ते म्हणाले. "आणखी चार दिवस जाऊ दे."

चार मिळाले नाहीत, दोन मिळाले.

तेराव्यानंतर मी दोन्ही कॅलिपरवर क्लिअर मारला, आधी झाकणावर, मग डाव्यावर आणि मग, बसलेली काळी पूड पॉलिशनं हलकेच घासून काढून, उजव्यावर, ज्याच्यावर त्यांचा ब्रश आहे. लांबून, पातळ, एकावर एक तीन हात, प्रत्येकामध्ये दहा मिनिटं थांबून. मी पाटावर बसून वाट बघत राहिले. कुठेही रेघ उठली नाही. शेजारचे काका कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "सरस थयुं, बेन." मी हो म्हटलं, आणि उठून चाकं बसवायला घेतली.